शेजारचा मुलगा

प्रिय भुंग्या,

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर माझा आवाज हलला की तुझं शब्दांवरचं लक्ष उडतं, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. कागदावरचे शब्द जागच्या जागी राहतात. हवं तितक्या वेळा वाच, मध्ये थांबावंसं वाटलं तर थांब, पण शेवटपर्यंत वाच.

मी बरी आहे. दुकानात भिंग घासताना अंगठ्याला कापलं, म्हणून अक्षर असं लंगडतंय. तुझे भाऊजी म्हणतात, पंचवीस वर्षं लोकांचे चष्मे करतेस आणि स्वतःचा घरी विसरतेस. खरंय. तुमच्या लाँड्रीतल्या मावशींचा हात आता कसा आहे? चादरींच्या रोलरमध्ये त्यांचा हात गेला त्याला तीन आठवडे झाले. तू फोनवर म्हणाला होतास की आदल्या दिवशी सुपरवायझरने हात आत जाऊ नये म्हणून लावलेली मशीनची जाळी काढून ठेवली होती, काम भराभर व्हावं म्हणून, आणि ते तू पाहिलंस. मी काय म्हणाले ते आठवतंय ना? मी म्हणाले, नीट आठव, स्वप्न तर नव्हतं? इतक्या सहज तोंडातून गेलं. तू म्हणालास, असेल. मग आपण तुझ्या नव्या बुटांबद्दल बोललो.

हा प्रश्न माझ्या जिभेवर कसा बसला, ते आज मुळापासून सांगते. तू सात-आठ वर्षांचा असताना चार दिवस बाबांशी बोलला नव्हतास. का, तर त्यांनी तुझी सायकल विहिरीत टाकली. सायकल दारात उभी होती. बाबांनी तुला हाताला धरून तिच्यासमोर उभं केलं, तर तू म्हणालास, ही दुसरी आहे. एकदा सुट्टीच्या दिवशी गणवेश घालून शाळेच्या फाटकाशी जाऊन बसलास, कारण मुख्याध्यापकांनी घरी येऊन बोलावलं होतं. आम्ही पोट धरून हसलो. तू नाही हसलास. तुला ते हसू किती लागत असेल, हे तेव्हा आमच्या गावीही नव्हतं.

मग त्या डॉक्टरीणबाई भेटल्या. ऑटिझम हा शब्द आम्ही त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकला. आईने तो पिशवीतल्या पावतीच्या मागे लिहून आणला. बाई म्हणाल्या होत्या, सगळ्याच मुलांचं असं नसतं, पण याची स्वप्नं फार ठळक असतात, आणि जाग आल्यावर पुसली जात नाहीत. रागावू नका, हसू नका, शांतपणे सांगा, हे घडलं आणि हे घडलं नाही. आईला सकाळी दम घ्यायला फुरसत नसे आणि बाबांना हसू आवरत नसे, म्हणून ते काम माझ्या वाट्याला आलं. रोज सकाळी दुधाचा पेला पुढे ठेवून तू एकेक गोष्ट सांगायचास आणि विचारायचास, झालं की स्वप्न? मी सांगायचे. तू माझ्याशी कधी हुज्जत घातली नाहीस. बाबांशी घालायचास, मास्तरांशी तर फारच. पण ताई म्हणाली स्वप्न, म्हणजे स्वप्न. भुंग्या, मला त्याचा अभिमान वाटायचा. माझ्या शब्दावर कुणाचं तरी जग उभं आहे, हे वाटणं फार गोड असतं. त्या गोडीनेच घात केला, की मी मुळातच भित्री, कोण जाणे.

तू पंधरा वर्षांचा होतास, मी चोवीस. तुझे भाऊजी तेव्हा नुसतेच दुकानातले सहकारी होते, आणि त्या दिवशी ते त्यांच्या आईला आपल्याकडे घेऊन येणार होते, लग्नाचं बोलायला. मी त्यांना तुझ्याबद्दल एवढंच सांगितलं होतं की धाकटा भाऊ बाहेरगावी शिकतो. आईबाबांना मीच गळ घातली, आजचा दिवस त्याला दुसरीकडे ठेवू. तुला वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे पाठवलं. आई नको नको म्हणत होती.

काकूंच्या मशीनचा आवाज तुला सहन झाला नाही. तू खाली आलास. नुसत्या बनियनवर, दोन्ही कानांवर हात, तोंडाने तुझी ती गुणगुण चाललेली, जिच्यावरून तुझं नाव पडलं. सरळ बैठकीत येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहिलास. सासूबाईंनी सहज विचारलं, हा कोण गं? नुसतं कुतूहल होतं त्यांच्या आवाजात, दुसरं काही नाही. आणि मी म्हणाले, शेजारचा मुलगा आहे, कधीकधी येतो असा. तुझा दंड धरून तुला मागच्या दारापर्यंत नेलं, बाहेर ढकललं आणि कडी लावली. तू दार वाजवलं नाहीस. पाहुणे जाईपर्यंत, तासभर तरी, तू त्या पायरीवर उभा होतास. अनवाणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेला हातात घेऊन तू विचारलंस, ताई, काल तू म्हणालीस मी शेजारचा मुलगा आहे आणि कडी लावलीस, झालं की स्वप्न?

मी म्हणाले, स्वप्न.

तू म्हणालास, बरं. आणि दूध प्यायलास. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिच्या हातातलं भांडं आपटलं, पण ती वळली नाही. ती गेली तोवर या विषयावर आम्ही दोघी एक अक्षरही बोललो नाही.

सगळं लपवून मी मिळवलं काय? तीन महिन्यांनी सासूबाईंना तुझ्याबद्दल कळलंच. त्या एवढंच म्हणाल्या, अगं, मग तेव्हाच सांगायचं ना. लग्नात तुला त्यांनी स्वतःच्या शेजारी बसवलं. ज्या माणसांच्या भीतीने मी तुला घराबाहेर काढलं, त्यांना तुझं काहीच वावडं नव्हतं. लाज मलाच वाटत होती. तुझी वाटत होती. आता बावीस वर्षं माझी मला वाटते आहे, आणि तरीही मी तोंड उघडलं नाही. तू सणकीत कधी काही बोलला असतास तर कदाचित कबूल केलं असतं. तू कधीच काही बोलला नाहीस, कारण तुझ्या लेखी ते घडलंच नव्हतं.

परवा दुकानात लाँड्रीतल्या अपघाताची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांचा फोन आला. शांत बोलणारे गृहस्थ आहेत. म्हणाले, तुमच्या भावाने आधी जाळी काढताना पाहिल्याचं सांगितलं, मग स्वतःच म्हणाला की माझं धरू नका. का, विचारलं तर म्हणाला, मी पंधरा वर्षांचा असताना माझ्या बहिणीने मला शेजारचा मुलगा म्हणून घराबाहेर काढलं, हे मला आजही तिच्या कुडत्याच्या बटणांसकट दिसतं, आणि ते स्वप्न होतं. तेवढं स्पष्ट दिसलेलं जर खोटं असेल, तर ही जाळीही खोटी असणार. ते मला विचारत होते, हे असंच आहे का. माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हणाले, नंतर कळवते. अजून एकदा पळाले बघ.

भुंग्या, ते झालं होतं. सगळं, बटणांसकट. तू नीट पाहिलंस, नीट ऐकलंस, नीट लक्षात ठेवलंस. खोटं मी बोलले. त्या अधिकाऱ्यांनाही मी आज हेच लिहून पाठवलं आहे, सहीनिशी. सोमवारी ते तुला पुन्हा बोलावतील. तू पाहिलंस ते सांग. चूक मावशींची ठरली तर त्यांचं कामही जाईल, आणि तिथे दुसरं कुणी पाहिलेलं नाही. काय झालं आणि काय नाही, हे यापुढे मला विचारू नकोस. मी त्या लायकीची राहिले नाही, आणि तुला माझी तेवढी गरजही नव्हती. रविवारी दहाला मी तुझ्याकडे येते. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर दार उघडू नकोस. मी चारपर्यंत जिन्यात बसेन, आणि मग परत जाईन.

तुझीच,
सख्खी बहीण