झालरीवर ढकललं

रविवार संध्याकाळ, अंबरनाथ

सकाळीच ड्रोनच्या पंखाखालच्या दांडीला तडा दिसला होता. केसाएवढा. ग्लू लावला, म्हटलं आजचं शूट निघून जाईल. वांगणीच्या हळदीत दांडी तिथेच तुटली आणि ड्रोन नवरीच्या आत्याच्या खांद्यावर पडला. चांगलंच खरचटलं त्यांना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडातून निघून गेलं, "मंडपाच्या झालरीत अडकला."

नवरीच्या वडिलांनी मंडपवाल्या दिनेशला सगळ्यांसमोर झापलं. तो शिडी लावून झालर काढायला लागला. मी गप्प का बसलो? तडा तर मला माहीत होता.

निघताना दिनेशला खरं सांगितलं.

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "त्यांना सांग ना."

नवरीचे वडील समोरच उभे होते. मी बाईक चालू केली आणि निघून आलो.