मधुमालतीचं पाणी

जळगाव, १२ मे १९९१, रविवार

मधुमालतीच्या वेलाला उन्हाळ्यात रोज दोन बादल्या पाणी लागतं, आणि त्या बादल्या हिने दुखऱ्या गुडघ्यांनी वाहिल्या. आज कळलं.

सकाळीच सावद्याच्या गिऱ्हाइकाला वेल दाखवून म्हणालो, "आपल्या ठिबकची करामत, नाना. हातसुद्धा लावावा लागत नाही."

दुपारी ही भिंतीपलीकडच्या अक्कांना हळूच सांगत होती, "दिवाळीपासून नळी बंद शे. त्यासले सांगू नका. वाईट वाटी त्यासले."

माझे कान तिखट, हे ती विसरली. दोन बादल्या, या उन्हात. ठिबक विकता विकता मी इतका फुगलो का, की बायकोनेही खरं सांगू नये?

संध्याकाळी वेलाच्या बुडाशी नळीला लावलेला ड्रिपर काढून पाहिला. क्षाराने त्याचं भोक पार बुजलं आहे.