शिवणखान्याचं दार

ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी खुशाल आहे, खोकलाही गेला. तुझा भाजलेला हात थंडीत अजून आखडतो का?

मी इथे ज्या सिनेमाच्या सेटवर सुतारकाम करतोय, तो तुमच्या शिवणखान्याच्या आगीवर आहे. तुला सांगायचा धीर होत नव्हता. दार मलाच करायचं होतं. मी त्याला बाहेरून कडी-कोयंडा बसवला.

दिग्दर्शक म्हणाले, "हे काढा. बायका घाबरून दारावर कोसळतात, म्हणून ते उघडत नाही."

मी म्हटलं, "साहेब, मालकानं बाहेरून कुलूप घातलं होतं. माझी बहीण आत होती."

"असेलही. पण आपल्या गोष्टीत ते बसत नाही."

म्हणजे मालक सुटला आणि खापर मेलेल्या नऊ जणींच्या माथी. वर 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी येणार आहे.

आईला यातलं काही सांगू नकोस. लेकाचं काम पडद्यावर दिसणार म्हणून ती गावभर सांगत सुटेल.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. मी काम सोडलं नाही. कडी काढली, भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली, वरून रंग दिला. हात फिरवला तरी आता काही लागत नाही.

रागावलीस तरी दोन ओळी लिही.

तुझा,
धाकटा