वाडग्यातली सहावी चिठ्ठी

✝

क्लिदरो, ६ जानेवारी

प्रिय इमेल्डा,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा, उशिरा का होईना. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलं की तू हमखास चढतेस, म्हणून विचारते. आज मी नाताळची सजावट उतरवली. गव्हाणीतलं गाढव कापसात गुंडाळताना त्याचा कान पुन्हा तुटला. दर वर्षी तोच कान.

नाताळ बरा गेला. चर्चमध्ये नऊच्या मिसाला गेले, घरी येऊन कोंबडीची एक तंगडी भाजली आणि दुकानातलं एकट्यापुरतं पुडिंग गरम केलं. ते एवढंसं असतं की त्यावर रिवाजाप्रमाणे ब्रँडी ओतून पेटवली तर पुडिंगच संपून जाईल. यंदा तुझ्याकडे येणं जमलं नाही, असं मी शेजारी सांगितलं. तुला मात्र तसं लिहिता येणार नाही. तू बोलावलंच नव्हतंस.

तुझं कार्ड मिळालं. त्याबद्दल लिहीनच.

आधी तो गुरुवार. तू तिथेच होतीस, तरी लिहिते, कारण तो ओलांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ग्रंथालयाची वरची खोली, वाचनमंडळाचे आपण आठ जण, आणि आपली नेहमीची पद्धत: प्रत्येकाने पुस्तकाबद्दलचं मत बिननावाच्या चिठ्ठीवर लिहायचं, पुडिंगच्या वाडग्यात टाकायचं, आणि मी एकेक काढून मोठ्याने वाचायचं. डिसेंबरसाठी पुस्तक तू निवडलं होतंस. आपलंच, थ्रॅपवुड हॉलमधल्या नाताळच्या खुनाचं.

पहिल्या चिठ्ठ्यांना किती हसलो! ‘अडीचशे पानं बर्फ पडतो आणि घरातला एक माणूस फावड्याला हात लावत नाही.’ ही टॅटरसॉलचीच, दुसऱ्या कोणाची असणार! ‘खून एकोणनव्वदाव्या पानावर. तोवर नुसती जेवणं. मला दोनदा भूक लागली.’ आणि ती छान चिठ्ठी: ‘स्वयंपाकीणबाईला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तिला विचारतंय कोण?’

मग सहावी. मी ती न अडखळता वाचली. ‘ज्यांचं दार नाताळात कोणी वाजवत नाही, त्यांनी हे पुस्तक उराशी धरावं. दर वर्षी मेलेल्या नवऱ्याचा आवाज काढून तेच ते वाचत बसणं, याला वाचन म्हणत नाहीत.’

टॅटरसॉल म्हणाला, “हे वाचनमंडळ आहे की कसाईखाना?”

डोरीन म्हणाली, “आम्ही इतकी वर्षं एकत्र आहोत. आमच्यातलं कोणी असं लिहिणार नाही.” आणि तिने ऑल्विनकडे पाहिलं. ऑल्विन गावात येऊन पुरते दहा महिने झाले नव्हते.

“माझ्याकडे काय बघताय?” ऑल्विन म्हणाली. “माझी चिठ्ठी स्वयंपाकिणीची होती.”

“ते काय, आता कोणीही म्हणेल!” डोरीन म्हणाली.

तू इतकंच बोललीस, “जेरार्डच्या आवाजांचं मी तुला सांगितलं होतं, ऑल्विन.”

ती बिचारी कोटाची बटणं चुकीच्या काजांत लावत उठली. तिला कोणी अडवलं नाही. मी म्हणाले, “जाऊ द्या आता. चहा निवतोय.”

चहा निवतोय! हे माझं वाक्य मला मिसात ऐकू येतं, भांडी घासताना ऐकू येतं.

तुझा जेरार्ड वाचताना पुस्तकातल्या कर्नलचा खाकरा कसा काढायचा, म्हाताऱ्या आत्याबाईचा चिरका आवाज कसा काढायचा, आणि तो गेल्यावर तू ते आवाज जसेच्या तसे कसे काढतेस, हे तू दोघींनाच सांगितलं होतंस. संशयित दोघीच होत्या, इमेल्डा. आपल्या पुस्तकात तेरा होते.

कारण सांगते, सबब नाही. दर वर्षी नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या पहिल्या रविवारापासून हे पुस्तक मोठ्याने वाचायला तुझ्या स्वयंपाकघरात दोन खुर्च्या असायच्या. यंदा तू म्हणालीस, “ऑल्विन एकटी असते गं, तिलाही बोलावू या.” मी म्हटलं, “हो, बोलावू या की.” मग तू तिला आपली जुनी प्रत घरी नेऊ दिलीस. तीच प्रत, जी आपण कॉन्व्हेंटमध्ये पांघरुणाखाली वाचली, जिच्या समासात आपले पेन्सिलचे अंदाज आहेत आणि पुराव्यांभोवती गोल आहेत. ती सिस्टर कोलंबांनी जप्त केली आणि ईस्टरला परत दिली, तर शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात बारीक ओळ: ‘मलाही खुनी डॉक्टरच वाटला होता.’ ती ओळ ऑल्विनने पाहिली म्हणून मला राग आला. अडुसष्ट वर्षांची बाई मी! घरी जाऊन डाव्या हाताने, मोठ्या अक्षरांत, डोरीनकडून आणलेल्या कागदावर ती चिठ्ठी लिहिली.

हो. मीच.

वाचून झाल्यावर ती बशीत ठेवली होती, नंतर फाडायची म्हणून. पाहते तर बशी रिकामी. आठ दिवसांनी तुझं कार्ड आलं. वर रॉबिन पक्षी, आत एक शब्द नाही, फक्त ती चिठ्ठी. चिठ्ठीच्या माथ्यावर एक इवलासा क्रूस, आणि त्याभोवती पेन्सिलचा गोल.

हात बदलला, अक्षर बदललं, कागद बदलला. क्रूस मी काढला हे मला कळलंसुद्धा नाही. ‘माथ्यावर क्रूस नसलेलं गणित मी तपासणार नाही,’ असं सिस्टर कोलंबा म्हणायच्या. ऑल्विन तर चॅपलवाल्या प्रॉटेस्टंटांची, त्यांच्यात असा क्रूस काढत नाहीत. ती कशाला काढेल?

शनिवारी पापनिवेदन केलं. फादर कर्वननी प्रायश्चित्त म्हणून तीन ‘नमो मारिया’ म्हणायला सांगितल्या. मी विचारलं, “एवढंच?”

ते म्हणाले, “माझ्याकडचं एवढंच, बर्नडेट. उरलेलं दोन दारांवर आहे.”

काल पहिलं दार वाजवलं. ऑल्विनने साखळी न काढताच ऐकून घेतलं. मग म्हणाली, “इमेल्डाला सांगितलंस?”

“उद्या लिहिते.”

“तिला अजून वाटतंय ना, मी ते लिहिलं?”

“नाही. तिला कळलंय.”

“कळलंय?” ती म्हणाली. “मग ती का नाही आली माझ्याकडे?” आणि दार लावलं.

याचं उत्तर माझ्याकडे आहे असं मला वाटतं. तू तिच्याकडे गेली असतीस तर माझं नाव सांगावं लागलं असतं. तू मला वाचवत होतीस, आणि त्यासाठी अजूनही ती बाई भोगतेय. हे ओझं तुझ्यावर मी टाकलं. ते आता खाली ठेव. येत्या गुरुवारी मी वाडग्यात पहिली चिठ्ठी टाकीन आणि पहिली तीच वाचीन. तिच्याखाली नाव असेल. तुला यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, पण ऑल्विनला घेऊन आलीस तर बरं होईल.

समासातला तुझा एक शेरा मला पाठ आहे. माझे तिन्ही अंदाज चुकल्यावर तू लिहिलं होतंस, ‘बर्नीला कोणाचा संशयच येत नाही.’ त्या गुरुवारी तू आधी ऑल्विनकडे पाहिलंस, माझ्याकडे नाही. सत्तावन्न वर्षांत तुला माझा संशय घ्यायची सवयच लागली नव्हती. मी मोडलं ते हे.

प्रत तुझ्याकडे परत आली असेल. शेवटच्या पानावर सिस्टरांच्या ओळीखाली जागा आहे. तिथे माझं नाव लिही.

वरचा क्रूस या वेळी आठवणीने काढलेली, उजव्या हाताने लिहिणारी,

बर्नडेट