मंडळाची तिजोरी

१० नोव्हेंबर

सकाळ हयातीच्या दाखल्यात गेली. मी जिवंत आहे हे पेन्शनवाल्यांना पटवायचं, तर आधी पासवर्ड हवा. चुकीचा. पुन्हा चुकीचा. मग खातं बंद. म्हणजे जिवंत आहे, पण कुलपात.

संध्याकाळी कुसुम आली, बरोबर सून नेहा. कुसुम हसून हसून बेजार. "अवो, मी मंडळाची अध्यक्ष अन् तू सेक्रेटरी. तूच लॉक झाली तं मंडळ बी लॉक. सारे पासवर्ड तुह्याच डोक्यात."

खरं आहे. महिला मंडळाचा मेल, हॉलचं बुकिंग, विजेचं बिल, वाचनालय, सगळ्यांना एकच पासवर्ड. नागपूरच्या शाळेतल्या एका सिस्टरचं नाव. नेहाने कपाळाला हात लावला. "आंटी, ये तो कोई भी खोल लेगा." म्हटलं, त्या सिस्टरना कोणी उघडू शकलं नाही आजवर.

तिचं म्हणणं, एक ॲप घ्या. पासवर्डची तिजोरी. एकदा आत टाकलं की फोनवर, कॉम्प्युटरवर, सगळीकडे आपोआप. लक्षात काही ठेवायचं नाही.

लक्षात ठेवण्यावरच माझी नोकरी झाली. विचार करते म्हटलं.

१४ नोव्हेंबर

घेतलं ॲप. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला, "आई, कधीपासून सांगतोय!" मुलांचं ऐकलं की त्यांना किती आनंद होतो. म्हणून क्वचितच ऐकावं.

नेहा दुपारभर बसली होती. पोरगी हुशार, बोलते मात्र अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी, मराठी फक्त सासूला हाक मारण्यापुरती. दोन कप्पे केले. एक माझा, एक "मंडळ". मंडळाचा कप्पा कु.ला, मला, ने.ला, तिघींना दिसणार. ॲप विचारतं, या कप्प्याचा मालक कोण? ने.ने माझ्याकडे पाहिलं, कारण सगळं टाइप मी करत होते. मी म्हटलं, मालक कुसुम. अध्यक्ष तीच. कार्यक्रमात हार तिला घालतो, मधली खुर्ची तिला देतो, तसंच हे.

कु. म्हणाली, "मले काय समजते त्यातलं? नाव टाक, बस."

टाकलं.

२ डिसेंबर

कबूल करते, सोय आहे. स्टील प्लांटच्या दवाखान्यात बीपीच्या रांगेत बसून तिळाच्या लाडवांच्या बाईला मेल केला, हॉलची तारीख पक्की केली. फोनला तोंड दाखवलं की उघडतो. घरी कॉम्प्युटरवर बसले तर तिथेही तेच, ताजं. दवाखान्यात शेजारच्या बाई विचारत होत्या, "इतकं काय लिहून राहिल्या?" म्हटलं, ऑफिस चालवतेय.

हे असते तर म्हणाले असते, शैला रिटायर झालीच नाही.

२१ डिसेंबर

मं.ची सभा. विषय संक्रांतीचं हळदीकुंकू.

बोलायचं म्हणून बोलले नाही. हे गेल्यापासून चार वर्षं विचार करून बोलले. म्हटलं, निमंत्रणात या वर्षी एक ओळ घालू: ज्यांचे पती नाहीत त्यांनीही यावं, त्यांनाही हळदीकुंकू लावलं जाईल, वाण दिलं जाईल. आपल्या मंडळात अशा आम्ही किती आहोत, मोजा. लाडू वळायला आम्ही, खुर्च्या मांडायला आम्ही, हिशेबाला आम्ही, आणि ताट फिरायला लागलं की आम्ही स्वयंपाकघरात.

कोणी विरोध केला नाही. एक जण पंख्याकडे बघत होती, डिसेंबरात, बंद पंख्याकडे. कु. म्हणाली, "चांगलं हाय. लिही तू शैला. तुह्यासारखं कोणाले लिहिता येते?"

मी येताना सेक्टर १० चा लांबचा रस्ता घेतला. उगीच. चालावंसं वाटलं.

३ जाने.

निमंत्रण लिहून झालं. एकही शब्द टोचणारा नाही, मलाच आश्चर्य. मं.च्या मेलमध्ये कच्चं ठेवलं आहे. कु.ला एकदा वाचून दाखवायचं आणि पाठवायचं.

कु.चा फोन लागला नाही.

५ जाने.

फोनमधला "मंडळ" कप्पा नाही.

माझा आहे. त्यात पेन्शन, बँक, सगळं जागच्या जागी. मंडळच नाही. मेलही बाहेर फेकलेला, पासवर्ड मागतो. आता तो सिस्टरच्या नावाचा नाही. नेहाने ॲपकडून बनवून घेतलेला, लांबलचक, अर्थहीन. तो मला पाठ नाही. पाठ करायचा नाही हीच तर सोय होती.

वाटलं, माझ्याच हातून काही पुसलं गेलं. सकाळभर स्वतःला शिव्या दिल्या. फोन बंद करून चालू केला. ॲप काढून पुन्हा टाकलं. शेवटी कु.ला फोन.

"असं? मी नेहाले विचारतो."

मग ने.चा मेसेज. "आंटी सिंक इश्यू होगा, ठीक हो जाएगा।"

७ जाने.

निमंत्रण आलं. सभासद म्हणून मलाही. मंडळाच्या मेलवरून.

माझीच वाक्यं. माझाच स्वल्पविराम जिथे होता तिथे. फक्त ती ओळ काढलेली आणि तिच्या जागी: "कार्यक्रम फक्त सुवासिनींसाठी." खाली "आपली नम्र, सचिव," आणि माझं नाव.

माझं नाव.

चहा गार झाला, दुसरा केला, तोही गार झाला. दुपारी खुर्सीपारहून निर्मलाचा फोन, तिचे यजमान गेल्या वर्षी गेले. मीच तिला सांगितलं होतं, या वर्षी ये, हिरवी साडी नेस. तिने एवढंच विचारलं, "ताई, हे तुम्ही लिहिलं?"

नाही म्हटलं. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. माझ्या नावाने आलं आहे. मी असते तर ठेवला नसता.

सिंक इश्यू!

८ जाने.

मागच्या खोलीतला कॉम्प्युटर लावला. आमच्या गल्लीत रस्ता खोदलाय, सोमवारपासून नेट नाही, म्हणून हात लावला नव्हता. तिजोरी उघडली, आणि मंडळ तिथे जसंच्या तसं. मेल, हॉल, बिल, सगळं.

मुलाला फोन. तो म्हणाला, "आई, नेट नाही म्हणून तुला काढल्याची खबर त्याला लागलेली नाही. लागली की तिथूनही जाईल." मग, "सिंकमुळे नाही गेलं ते. तुला काढलंय. मालक काढू शकतो, एका टिचकीत."

"तिला येतं का ते?"

"सुनेला येतं ना."

मग म्हणाला, पासवर्ड उतरवून घे, मेलमध्ये जा, सगळ्यांना खरं निमंत्रण पाठव. तसं करता येईल. पासवर्ड समोर आहे. बघितला. उतरवला नाही. का, ते उद्या कु.कडे जाऊन आल्यावर ठरवेन.

९ जाने.

गेले. कु. अंगणात तीळ निवडत होती. मला पाहिलं आणि तीळ निवडतच राहिली, म्हणजे सगळं माहीत होतं.

"काढलं मला?"

"काढलं नाई वो. ते नेहानं थोडा वेळ..."

"कुसुम."

मग बोलली. सभा झाल्यावर चौघी जणी तिच्या घरी आल्या होत्या. म्हणाल्या, असं करत असाल तर आम्ही येत नाही, आमच्या सासवा येऊ देणार नाहीत. मी म्हटलं, मग त्यांची नावं सांग, मी जाते त्यांच्याकडे. "म्हणूनच तं तुले नाई सांगितलं. तू गेली असती. अन् बोलली असती."

"तू सभेत चांगलं म्हणालीस."

"म्हटलं. मले चांगलंच वाटलं."

"मग मला येऊन सांगायचं."

"तुह्या तोंडावर सांगायची हिंमत नाई झाली. काय करू?" तिचा आवाज चढला. "अन् तुले तिथं ताटासमोर उभी केली असती अन् कोणी कुंकूच लावलं नसतं तं? साऱ्यांच्या समोर? मले पाहवलं असतं का ते?"

म्हटलं, मला पाहू द्यायचं होतं. माझं कपाळ होतं.

हे गेले त्या दिवशी बायका माझ्या बांगड्यांकडे वळल्या तेव्हा हीच मध्ये उभी राहिली होती. "हात लावाल तं पहा." हीच. अख्ख्या सेक्टरसमोर. तेव्हा हिंमत होती. तेव्हा फोन नव्हता हाताशी. पूर्वी मंडळाच्या कपाटाची किल्ली काढून घ्यायची असती, तर दारात येऊन हात पुढे करावा लागला असता. मी विचारलं असतं, का? तिला उत्तर द्यावं लागलं असतं. आता मी झोपले असेन, भाजी निवडत असेन, आणि किल्ली आपोआप गेली. सगळीकडून.

येताना म्हटलं, "माझ्या कॉम्प्युटरवर अजून सगळं दिसतंय, कुसुम." धमकी नव्हती. होती थोडी.

दारातून नेहा म्हणाली, "आंटी, सॉरी। आई ने बोला तो..." तिला काही बोलले नाही. तिला मराठीत रागावलेलं कळत नाही आणि हिंदीत माझा राग पातळ होतो.

१० जाने.

सकाळी फोन वाजला. मेसेज, सहा आकडे. "आपला पासवर्ड बदलण्यासाठी हा क्रमांक वापरा." मं.च्या मेलचा. थोड्या वेळाने पुन्हा, वेगळे आकडे.

उलगडलं. माझ्या कालच्या वाक्याने नेहा घाबरली आहे आणि पासवर्ड बदलायला बसली आहे. पण मंडळाचा मेल उघडला होता मी, माझ्या नंबरावर. तो आकडा माझ्याच फोनवर येणार. तिजोरीची मालक कुसुम असली, तरी मेल कोणाच्या नंबरावर आहे हे नेहाने पाहिलंच नाही.

कु.चा फोन. इकडचं तिकडचं. थंडी. संत्री. मग, "शैला, एक नंबर आला असंल तुह्या फोनवर."

"आला आहे."

"सांग ना."

गंमत पाहा. मला पूर्ण बाहेर काढायला माझीच परवानगी हवी.

"घरी ये आणि माग," म्हटलं, आणि ठेवला.

निर्मलाला फोन केला. तिने उचलला नाही.

१२ जाने.

मुलगा रोज विचारतो, पाठवलंस का? नाही पाठवलं. चोरून आत शिरून पाठवलेलं निमंत्रण, त्यालाही माझंच नाव. उद्या कोणी म्हणेल, शैलाबाईंनी रागात केलं. आणि निर्मला हिरवी साडी नेसून येईल, ताट तिच्यापुढून पुढे जाईल, तेव्हा मी काय करणार? कु.चं हे म्हणणं डोक्यातून जात नाही. खोटं असतं तर गेलं असतं.

तरी राग कमी होत नाही. मला विचारायला हवं होतं. बस, एवढंच. विचारायला हवं होतं.

१३ जाने.

कु. आली. चालत. हातात डबा आणि पदराखाली काहीतरी झाकलेलं. नंबर मागायला आली समजून मी फोन घेऊनच बसले.

नंबर मागितला नाही. पदराखालून करंडा काढला.

"इकडं ये," म्हणाली. "मी लावतो तुले. दोघीच हाओत. लाडू बी आणले, वाण बी आणलं."

कडी लावून घेतली होती तिने आत येताना. ते मी आता पाहिलं.

"तिथे लाव," म्हटलं.

"शैला."

"उद्या, हॉलमध्ये. पहिलं ताट तुझ्या हातात असतं. पहिलं मला लाव, दुसरं निर्मलाला. मग बाकीच्या लावोत न लावोत. आणि मग नंबर पण घे, तिजोरी पण घे, सचिवपण पण घे."

तिने करंड्याचं झाकण लावलं नाही, उघडं ठेवलं तसंच. म्हणाली, "पाणी देतं का?"

पाणी दिलं. प्यायली. उठेल वाटलं. उठली नाही.

मी आत येऊन हे लिहितेय. फोन बाहेरच राहिला, तिच्याशेजारी, टेबलावर. आत्ता तो वाजला, नेहा पुन्हा खटपट करत असेल. आकडे पडद्यावर दिसत असतील, फोन न उघडताही दिसतात.

कु. ते बघतेय की नाही, इथून कळत नाही. ती अजून बसली आहे.