स्ट्यूचं मीठ

बाबा,

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी ती मागच्या व्हरांड्यात तुमच्यासाठी मटणाचा स्ट्यू करत होती. स्वतः कधी खात नव्हती, म्हणून मीठ तुम्ही चाखायचं. तुम्ही पुन्हा वाटी पुढे केलीत, तेव्हा ती म्हणाली, "अहो, मीठ पाहून राहिले की पातेलं संपवून राहिले?" तुम्ही म्हणालात, "अभी समझ में नहीं आया, विनता जी." किती हसली होती.

तेरवी झाली, तरी तुम्ही नुसत्या चहावर आहात. काल न्हाणीच्या दारात तुमचा तोल गेला, ते मी पाहिलं.

आज तिच्याच शेगडीवर मटण, गाजर, बटाटे, फरसबी शिजवली आहे. मीही खात नाही, त्यामुळे मीठ घातलेलं नाही. गरम करा, चाखा, लागेल तेवढं घाला. पोळ्या डब्यात आहेत. मला शाळेत जावंच लागेल, आज परीक्षा आहे.

रोज तुमच्या बंद दाराशी येते आणि काही न बोलता परत फिरते. आत्ता मोठ्याने बोलले. तुम्हाला झोप लागली असेल, म्हणून तेच इथे लिहिते: बाबा, मला फार भीती वाटते. तुम्ही मला हवे आहात. माझ्यासाठी जेवा.

अवंतिका