‘येतो’ या शब्दाचा निकाल व माझी इतर मिळकत

मी, कलावती विश्राम परुळेकर, वय ७६, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार खारीगाव, कळवा, जिल्हा ठाणे, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सूनबाईंना तो वाचायला दिला. त्या नुसतं ‘बरं’ म्हणाल्या.

१. राहता फ्लॅट माझा एकुलता मुलगा सुदेश याला. गॅलरीला काचा लावून तिची खोली करू नये. जिवंतपणी नको म्हणत आले, मेल्यावरही नकोच.

२. बँकेतल्या ठेवी नात सान्वीच्या शिक्षणासाठी. काय शिकायचं ते तिचं तिला ठरवू द्यावं.

३. पुरणयंत्र, विळी आणि बिडाचा तवा सून संचिता हिला. तवा साबणाने घासल्याचं आढळल्यास तो समोरच्या नयनकडे जाईल.

४. दर गुरुवारी माझ्याकडे भरणारं वाचक मंडळ पुढेही याच हॉलमध्ये भरावं. मंडळात आम्ही चौघी: मी, नयन, वरच्या मजल्यावरची भावना आणि तळमजल्यावरची गोदा म्हात्रे. गोदा मूळची कोलशेतची, माझी सर्वांत जुनी मैत्रीण. सध्या बोलणं बंद आहे. कारण पुढच्या कलमात.

५. मराठीत आलेली एक जपानी कादंबरी. तिच्यात छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आणि त्याची बायको मुळ्याचं लोणचं खातात, बर्फ बघतात आणि एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. शेवटच्या पानावर म्हातारा बूट घालतो, बायकोला ‘येतो’ म्हणतो आणि कादंबरी संपते.

भावनाने बर्फ पडायच्या आतच हात टेकले. नयन ढसाढसा रडली, आणि आपण यातून कमी बोलायला शिकलो असं आम्हाला पाऊण तास सांगत बसली. सुदेशने मधलंच एक पान वाचून ‘आई, ह्यात स्टोरी कुठेय?’ असं विचारलं. सान्वीने मोबाइलवर लोकांची मतं वाचून दाखवली. निम्म्यांचं आयुष्य बदललं होतं, निम्म्यांना पुस्तकाचे पैसे परत हवे होते.

आमचा वाद वेगळाच झाला. म्हातारा परत येतो की नाही? मी म्हटलं, ‘येतो’ असं छापलंय, म्हणजे येणार. गोदा म्हणाली, निघताना ‘जातो’ म्हणायची आपल्यात पद्धतच नाही. अनुवाद करणाऱ्याने पद्धतीप्रमाणे लिहिलं, म्हातारा गेला तो गेलाच. मी हटेना, तेव्हा ती बोलली, "विश्रामभाऊ पण येतोच बोललेले ना? खडवलीवरनं आले का?"

माझे यजमान खडवलीला भावाकडे गेले आणि तिथेच छातीत कळ येऊन वारले. त्या दिवसांत माझ्या घरात चूल पेटवली ती गोदानेच. म्हणून तिचं बोलणं जिव्हारी लागलं. ती उठली आणि मयताच्या घरून उठावं तशी, ‘येते’ न म्हणता निघून गेली. त्याला दोन पावसाळे झाले. तिच्या दारावरून जाताना मी अजून उगाचच खोकते.

सबब, सदर कादंबरी मी गोदाला देत आहे. शेवटच्या ‘येतो’खाली लाल रेघ मारली आहे. माझ्या पश्चात तरी तिने ते नीट वाचावं.

६. कलम ५ रद्द. कारण असं की, तव्यावर पाणी सोडून साक्षीदार व्हायला तयार झालेली नयन ऐन वेळी घाबरली. मृत्युपत्रावर सही केली की माणूस लवकर जातो, असं तिला कोणीतरी सांगितलं. ती घराला कुलूप घालून बहिणीकडे गेली. भावना डोंबिवलीला लेकीकडे. वकीलबाईंना घाई. त्या मला न विचारता खाली गेल्या आणि जी घरात सापडली तिला घेऊन आल्या. ती गोदा.

गोदाने चष्मा लावून सगळं वाचलं. तव्याला हसली. कलम ५ दोनदा वाचलं. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, दोन्हींतलं एक ठरवा.

"पुस्तक नको, पेन द्या," गोदा म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "येतो बोलला म्हणजे यायचं मनात होतं गं त्याच्या. विश्रामभाऊंच्या पण."

मी रडले. बुद्धी शाबूत असताना रडले, याची नोंद असावी.

हे कलम मी लिहीत असताना ती समोर बसून चहात साखर कमी म्हणून कुरकुरते आहे. कादंबरी आता कोणाच्याच नावे नाही. तिला वाचायची असल्यास मी हयात असताना जिना चढून वर यावं.

येणेप्रमाणे लिहिलं, वाचलं, बरोबर आहे.

ठिकाण: कळवा
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

(सही) कलावती विश्राम परुळेकर

आम्हां दोघींच्या समक्ष कलावतीबाईंनी सही केली, व त्यांच्या समक्ष आम्ही:

१. (सही) ॲड. शिवानी कारखानीस, ठाणे

२. (सही) गोदा बाबुराव म्हात्रे, तळमजला, हीच बिल्डिंग. गुरुवारी येते.